भिकुबाईची जोडवी

तापीकाठच्या प्रकाशा गावात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर लोटन भोयाची भट्टी होती. मुरमुरे, फुटाणे, सणासुदीला ज्वारीच्या लाह्या. महादेवाच्या दर्शनाला आलेली माणसे परतताना त्याच्याकडून एक पुडी घेत आणि गाडीत बसेपर्यंत ती संपवून टाकत. भट्टीसमोरच आमच्या सहकारी सोसायटीचे कार्यालय होते. त्यामुळे पुढे सांगतो त्यातले बरेच मी पाहिले. राहिलेले लोटनने आणि त्याची बहीण दगूबाई हिने सांगितले.

भिकुबाई ही लोटनची बायको. माहेर तापीपलीकडचे, धानोऱ्याचे. लहानपणीच लग्न होऊन ती या भट्टीवर आली आणि आली ती जाळापाशी बसली. भट्टीवर दोन माणसे लागतात. एक कढईतल्या तापलेल्या वाळूत तांदूळ टाकून फुलवतो आणि चाळतो, दुसरे खाली बसून जाळ घालते. जाळ घालणे बाईचे काम समजले जाई. कपाशीच्या पऱ्हाट्या, भुईमुगाची टरफले, भाताचे तूस, जे स्वस्त मिळेल ते ती आत सारी. नदीवरचा वारा जाळ विझवतो म्हणून भट्टीचे तोंड घराच्या आतल्या बाजूला ठेवलेले होते. लोटनच्या बापाने ते तसे बांधले होते. जाळ विझत नसे. धूर मात्र आधी भिकुबाईच्या तोंडावर येई, मग घरभर फिरे आणि सावकाश कौलांतून बाहेर पडे.

तिला मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती पस्तिशीच्या आसपास असेल. अंगाने काटक, डोळे कायम लाल, आवाज बसका. बोलण्यात मात्र कोणाला ऐकायची नाही. कोणी मुरमुऱ्यांत मीठ जास्त पडल्याची तक्रार केली की म्हणायची, "खारा लागना? मंग नदी समोरच शे. पानी फुकट पी."

खोकला तिला होताच. हिवाळ्यात वाढे, उन्हाळ्यात कमी होई. भट्टीवरच्या बायका खोकतातच, त्यात कोणाला काही वाटत नसे. पुढे खोकला बाराही महिने राहू लागला. नदीवरून घागर आणताना ती चढावर दोनदा बसू लागली. ओठ जांभळट दिसू लागले. एकोणीसशे अडतीसच्या पावसाळ्यात पाय सुजले.

दगूबाई शेजारीच राहायची. ती एकदा दारात उभी राहून वहिनीच्या पायांकडे बघत म्हणाली, "काय वं भिकू, पाय शेतस का भोपया?"

"भोपयाच शे," भिकुबाई म्हणाली. "कापीसन भाजी कर. तुन्हा घरमा तशी बी आज काही नही."

दोघी हसल्या. भिकुबाईला हसताना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. पायाच्या बोटांतली चांदीची जोडवी मांसात रुतली होती. दगूबाईने ती तेलाने सोडवून पाहिली. फिरलीसुद्धा नाहीत.

पोट भरल्यासारखे वाटू लागले, बरगडीखाली उजवीकडे दुखू लागले, आडवे पडले की जीव घाबरा होऊ लागला. तेव्हा लोटनने तिला गाडीत घालून शहाद्याला नेले. तिथे डॉक्टर जालमसिंग गिरासे यांचा दवाखाना होता. डॉक्टर इथल्याच गिरासे घराण्यातले. शिक्षण बाहेर झालेले, पण रोग्याशी अहिराणीतच बोलायचे. त्यांनी तिला बसवून मानेवरची फुगलेली शीर पाहिली, बरगडीखाली हात दाबला, मग अंगठा नडगीवर दाबून उचलला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला.

लोटनला समोर बसवून त्यांनी समजावले. हृदयाला दोन बाजू असतात. डावी बाजू साऱ्या अंगाला रक्त पाठवते. उजवी बाजू अंगातून परत आलेले रक्त फक्त फुप्फुसांकडे ढकलते. हिची फुप्फुसे इतक्या वर्षांच्या धुराने खराब झाली आहेत. त्यांतून रक्त पुढे सरकत नाही. उजवी बाजू ढकलून ढकलून थकली आहे.

लोटन मान हलवत होता. त्याला काही कळले नसल्याचे डॉक्टरांनी ओळखले असावे. "देख," ते म्हणाले, "पाटमा चिखल भरना म्हणजे पानी पुढे जात नही. मांगे फिरस, नको त्या वावरमा शिरस. हिन्हा अंगमा बी तसंच व्हयेल शे. पायमा पानी, पोटमा पानी."

"मंग पाट साफ करा ना, साहेब."

"तो पाट आते साफ व्हत नही. वावरमाधलं पानी काढता यी. तेवढंच मन्हा हातमा शे."

उपचार असा ठरला. हृदयाला जोर यावा म्हणून डिजिटॅलिसचे थेंब, मोजून. पाणी लघवीवाटे निघावे म्हणून पाऱ्याचे इंजेक्शन. आडवे न निजता उशाशी टेकून बसून राहायचे. काम नाही. धूर अजिबात नाही. आणि मीठ बंद, कारण मीठ पाणी धरून ठेवते. भाजीत नाही, भाकरीत नाही, लोणचे नाही, पापड नाही.

"भूक लागनी तर?" भिकुबाईने विचारले.

"हलकं खायजो. थोडं थोडं."

"साहेब, घर आनि भट्टी एकच शे," लोटन म्हणाला. "धूर कोठे धाडू?"

त्याचे उत्तर लोटनने स्वतःच काढले. परत आल्यावर त्याने बापाने बांधलेली भट्टी फोडली आणि तोंड रस्त्याकडे करून नव्याने बांधली. वारा जाळ विझवू लागला. त्याने ओली गोणपाटे टांगली. तो बाहेर येऊन जाळ घाली, आत धावून कढई हलवी, पुन्हा बाहेर येई. रस्त्यावरचे लोक थांबून बघत. दगूबाईला ते बघवेना, तेव्हा तीच येऊन जाळाशी बसली. भिकुबाईची खाट मागच्या अंगणात निंबाखालच्या छपरात टाकली.

इंजेक्शन दिले त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिला सारखे उठावे लागले. सूज उतरली. सकाळी लोटन खाटेच्या पायथ्याशी बसला आणि त्याने जोडवे चिमटीत धरून फिरवून पाहिले.

"फिरनं का?" तिने विचारले.

"फिरनं."

तेव्हापासून हा नेम झाला. रोज भट्टी पेटवण्याआधी तो अंगणात जाई आणि तिचे जोडवे फिरवून बघे. फिरले तर पाणी कमी, अडकले तर पाणी चढले. दुसरे कोणतेही माप त्यांच्याकडे नव्हते आणि हे चुकत नसे.

पण आठवडा गेला की जोडवे अडकू लागे. पुन्हा शहादा, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा काही दिवस बरे. डॉक्टरांनी थेंब वाढवले. तिला ओकाऱ्या झाल्या आणि सगळे हळद लावल्यासारखे पिवळे दिसू लागले, म्हणून त्यांनी ते पुन्हा कमी केले. ते प्रत्येक वेळी मिठाचे विचारत. लोटन प्रत्येक वेळी शपथ घेई. घरात एकच चूल आणि एकच भाजी, तीही बिनमिठाची. तो स्वतःही तेच खाई.

"हाई खानं शे का सजा शे?" भिकुबाई म्हणे.

"सजा शे. खाय."

ती दोन घास खाऊन ताट सारी. मग दिवसभर मांडीवर सुपडी घेऊन मूठ-मूठ मुरमुरे खात बसे. आपल्याकडे आजाऱ्याला मुरमुरे देतातच. पचायला हलके, तोंडाला बरे. भट्टीवरच्या माणसांना तर मुरमुरे हे खाणे वाटतच नाही. आचाऱ्याला वाफ वाटावी तसे ते त्यांना वाटतात. लोटन गरम मुरमुरे चाळून आधी तिच्या सुपडीत ओतायचा, मग गिऱ्हाइकाला द्यायचा.

पुढच्या श्रावणात डॉक्टर आईला घेऊन महादेवाच्या दर्शनाला आले. आई देवळात बसली आणि डॉक्टर रोग्याला बघायला भट्टीवर आले. मी त्या वेळी पुडी घ्यायला उभा होतो. लोटन परातीतल्या तांदळाला पाणी चोळत होता. मागचे दार उघडे होते, त्यातून अंगणातली खाट दिसत होती.

"काय लाई ऱ्हायना रे तांदूळले?" डॉक्टरांनी सहज विचारले.

"मिठनं पानी, साहेब. त्याबिगर तांदूळ फुलत नही."

डॉक्टरांनी अंगणाकडे पाहिले. "आनि तिन्हा मांडीवर काय शे?"

"मुरमुरा, साहेब. दुसरं काहीच नही. दिनभर तेवढाच खास."

डॉक्टर ओट्यावर बसले. त्यांनी टोपलीतले चार मुरमुरे तोंडात टाकले आणि चावले. लोटनचा हात परातीत होता तसाच राहिला.

"पन साहेब," तो म्हणाला, "मुरमुरा खारा लागत नही."

"तुले नही लागत."

लोटनने परातीतला हात काढून बोटे जिभेला लावली. मग धोतराला पुसली. जन्मभर ज्याच्या बोटांना, घामाला, भाकरीला तेच मीठ, त्याला ते वेगळे काय लागणार? भिकुबाईने सगळे ऐकले होते. तिने सुपडी खाटेखाली ठेवली.

"सारा गावले मिठ लाई लाई खावाडं मी," ती म्हणाली. "आते माले लागनं."

डॉक्टर कोणालाही रागावले नाहीत. "आठे येवाले माले साल लागनं," एवढेच ते स्वतःशी म्हणाल्यासारखे बोलले आणि आईला आणायला देवळाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी लोटनने नुसत्या पाण्याने तांदूळ भिजवून वाळूत टाकले. ते धड फुलले नाहीत. काही करपले, काही खड्यासारखे राहिले. त्याने त्यातले बरे वेचून सुपडीत घातले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने एक चावला.

"हाऊ मुरमुरा शे का वाळू?"

"दोन्ही शे. खाय."

ती खायची. तिच्यासाठी तो रोज वेगळा घाणा काढी, गिऱ्हाईक यायच्या आधी. त्या हिवाळ्यात सूज उतरली आणि उतरलेली राहिली. शहाद्याच्या खेपा विरळ झाल्या. लढाई सुरू झाल्यावर इंजेक्शन मिळेनासे होऊ लागले, पण फारसे अडले नाही. संक्रांतीला ती काठी टेकत रस्त्यापर्यंत आली आणि दगूबाईला जाळ कसा घालावा ते सांगत उभी राहिली. दगूबाई म्हणाली, "तीस साल तू बठनी, आते माले शिकाडू नको." लोटन कढई हलवत होता. त्याने मान वर केली नाही, पण कढई हलवायचा थांबला.

पाणी गेले तेव्हा तिचे पाय किती वाळले आहेत ते दिसले. जोडवी आता नुसती फिरत नव्हती, निघून पडत होती. नवरा जिवंत असताना जोडवे पडू नये, म्हणून लोटनने त्यांना आतून सूत गुंडाळले. डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितले होते की पाणी काढता येते, पाट साफ होत नाही. ते त्याच्या लक्षात होते. तो ते बोलत नसे.

चाळीसच्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला आणि छाती भरली. ताप गेला, दम गेला नाही. थेंब चालू होते, मीठ बंद होते, जाळ रस्त्याकडे होता. सगळे सांगितल्याप्रमाणे चालले होते. तरी पायांवर सूज चढू लागली. लोटनने सूत काढले. काही दिवसांनी जोडवे पुन्हा रुतले. बोट काळे पडू लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, सोनाराकडून कापून घ्या.

"नही," भिकुबाई म्हणाली. "मन्हा धनी जिता शे."

"अवं, चांदी शे नुसती," दगूबाई म्हणाली.

"तुन्ही काप मंग."

दगूबाई विधवा होती. तिच्या पायात काही नव्हते. ती उठून भट्टीकडे गेली. भिकुबाईने तिच्या पाठीकडे पाहिले आणि डोळे मिटले. संध्याकाळी दगूबाईच परत येऊन तिचे पाय चोळत बसली.

भिकुबाई नवरात्राच्या आधी गेली. खाटेवर टेकून बसलेल्या स्थितीतच. लोटन नेहमीप्रमाणे सकाळी अंगणात आला, पायथ्याशी बसला आणि त्याने जोडवे चिमटीत धरले. ते फिरले नाही. पाय थंड होता. त्याने पायावर पांघरूण ओढले. मग भट्टीकडे येऊन दगूबाईला म्हणाला, "आज जाळ घालू नको."

सवाष्ण म्हणून तिला जोडव्यांसकट नेले. दिवसकार्य झाल्यावर लोटनने भट्टी पेटवली. तोंड रस्त्याकडेच ठेवले. जाळाशी दगूबाई बसते. ती अधूनमधून खोकते, तेव्हा लोटन झारा थांबवून तिच्याकडे बघतो. तिचा खोकला संपला की पुन्हा झारा हलवतो.

त्याचे मुरमुरे आता अळणी लागतात, अशी गावात बोलवा आहे. नीट फुलतही नाहीत. दगूबाई त्याला म्हणाली, "दादा, मिठ टाक ना रे बरोबर. गिऱ्हाईक दुसरीकडे जाई ऱ्हायनं."

"टाकस ना," लोटन म्हणाला.

त्याने मडक्यात हात घातला आणि मूठभर मीठ काढले. हात पाण्यावर धरला. मग अर्धे पाण्यात सोडले आणि अर्धे परत मडक्यात टाकले.