कयाधूकाठचं एक एकर

नांदेडला आमच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी मला मोबाइलवर कयाधूचा व्हिडिओ दाखवला. वरून काढलेला. हळदीची रानं, केळीचे पट्टे, मधून चकाकणारी नदी, आणि पाठीमागे कोणीतरी उगाच बासरी वाजवतंय. त्यावर लिहिलं होतं, ‘मराठवाड्यातलं मिनी कोकण.’ मी म्हटलं, अहो बाई, त्या मिनी कोकणात मला दोनदा विंचू चावलाय. त्यांना ते फार गोड वाटलं. माणसाच्या हातात मोबाइल आला की विंचूसुद्धा गोड होतो.

पण खोटं कशाला बोलू, तो व्हिडिओ मी घरी येऊन परत परत पाहिला. त्यात एका जागी नदी वळते आणि काठाला एक चिंच दिसते. ती आमच्या वडिलांच्या रानातली चिंच. वडील जाऊन आठ वर्षं झाली होती, रान धाकटा भाऊ कसत होता, आणि मी निवृत्त होऊन दोन खोल्यांत बसून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या मोजत होते. मला त्या चिंचेजवळचं एक एकर पाहिजे होतं. भीक म्हणून नाही, हक्क म्हणून. मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंय, बापाच्या रानात लेकीचा वाटा असतो हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडच्या बायका मात्र भावाने एक साडीचोळी केली की वाटा सोडल्याच्या कागदावर सही करून मोकळ्या होतात, वर डोळे पुसतात आणि माहेर राखलं म्हणतात. असल्या बायकांची मला कीव येते असंही नाही. मला त्यांचा रागच येतो.

भावाला फोनवर एवढंच म्हटलं की मला नदीकाठ हिंडायचाय, गावं बघायचीत, दोन-तीन दिवस मोटरसायकलवर फिरव. वाट्याचं समोर बसून बोलायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, ‘ये ना आक्का, काहून एवढं इचारून राहिली? सध्या हळद शिजवणं चालू हाय, पन तुझ्यासाठी काढतो येळ.’

माघ संपत आला होता. एसटीतून डोंगरकड्याला उतरले तर स्टँडसमोर केळीच्या गाड्या लागलेल्या आणि त्यांच्यामधून माणसं अशी चालत होती जणू रस्ता त्यांच्या मामाचा. भाऊ आत्याच्या घरी थांबला होता. आत्या नव्वदीची. तिला धड दिसत नाही, पण माझा आवाज ऐकल्याबरोबर तिने मला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘बापाचं नाव राखलंस माय.’ मी मनात म्हटलं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले त्याचं कौतुक म्हातारीपर्यंत पोचायला एवढा वेळ लागला. तिच्या सुनेने माझ्यासाठी शिरा केला होता, त्यात तूप इतकं की चमचा उभा राहावा. मी दोन घास खाल्ले आणि बाजूला सारला. गावाकडच्या लोकांना प्रेम दाखवायचा दुसरा रस्ता माहीत नाही, माणसाचं पोट बिघडवलं की त्यांना बरं वाटतं.

तिथून वारंगा फाटा. ह्या फाट्यावरच्या खिचडीचं लोक असं वर्णन करतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकी जगाला तांदूळ आणि डाळ एकत्र शिजवता येत नाही. भाऊ हौसेने हॉटेलात घेऊन गेला. शेजारच्या टेबलावर पुण्याकडची दोन तरुण जोडपी बसली होती. पायात डोंगर चढायचे बूट, डोक्यावर गोल टोप्या. त्यांनीही तो व्हिडिओ पाहिला होता. त्यातल्या एकाने भावाला विचारलं, ‘काका, नदीच्या कडेने चालत जायला ट्रेल आहे का?’ भावाला कळेना. मी सांगितलं, ‘पांदण आहे. त्यातून बैलगाडी जाते आणि सकाळी लोक टमरेल घेऊन जातात. जपून चाला.’ ते हसले, मी विनोद केला असं वाटलं असणार त्यांना. खिचडीचे मात्र त्यांनी सात-आठ फोटो काढले आणि निम्मी टाकून दिली.

भाऊ वाटेत मला एकेक गोष्ट दाखवत होता, हे अमक्याचं रान, ही नवी विहीर, इथं कॅनॉलचं पाणी आलं. गाडीवर वाऱ्यात ओरडून सांगायचा आणि मी मागून ‘हं’ म्हणायचे. आखाडा बाळापूरला बाजाराचा दिवस होता. रस्त्यावरच भाजी, रस्त्यावरच शेळ्या, रस्त्यावरच कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक, त्यावर सोनसाखळी घातलेली पंधरा डोकी. गॉगल लावल्याशिवाय आमच्या तालुक्यात कोणी पुढारी होत नाही. भाऊ मला ओळखीच्या कापडदुकानात घेऊन गेला. दुकानदाराने गादीवरचं गिऱ्हाईक उठवून मला बसवलं, चहा मागवला आणि त्याच्या बायकोला आतून बोलावून म्हणाला, ‘ह्याच त्या आक्का.’ बाईने वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले नाहीत. मनात आलं, नांदेडात माझ्या हाताखाली शिकलेली पोरं मला रस्त्यात ओळख देत नाहीत आणि इथे बघा, गाव मागासलेलं असलं तरी शिक्षकाचा मान ठेवतं. भावाने माझ्यासाठी एक लुगडं घेतलं. रंग असा की दुरून वीज पडल्यासारखा दिसावा. मी म्हटलं, बराबर आहे, वाट्याची चाहूल लागली ह्याला, आतापासूनच साडी पुढे करतोय.

दुसऱ्या दिवशी आम्ही पायी निघालो. आमच्या गावापासून नदीपर्यंत पांदणीने चालत गेलं की मधे तांडा लागतो. वडिलांच्या वेळी तांड्यातला एक माणूस आमच्या रानात कामाला असायचा, आता त्याचं स्वतःचं तीन एकर आहे आणि त्याची हळद आमच्यापेक्षा चांगली येते. तो आता म्हातारा झालाय. त्याने बाज टाकली, मला बसवलं, आणि मी किती म्हटलं तरी स्वतः बसला नाही. त्याच्या बायकोने दोन्ही सुनांना बोलावलं, माझ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, ‘बघून घ्या गं. असं काळीज पायजे बाईचं.’ त्या पोरी माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मला जरा विचित्र वाटलं, पण मी सवयीने त्यांना विचारलं, कितवीपर्यंत शिकलात. एक म्हणाली सातवी. मी पाच मिनिटं शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. लोक मुकाट का ऐकून घेतात ह्याचा शिक्षकाला कधी संशय येत नाही, हाच त्या धंद्यातला रोग.

नदीला पाणी घोट्याएवढं होतं. वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे पडलेले, काठाला वेडी बाभूळ माजलेली, आणि पाण्यावर कोणाच्या तरी पूजेचा हार तरंगत होता. हे ते मिनी कोकण. पण चिंच होती. तिच्याखाली उभं राहिलं की नदीचं वळण दिसतं, पलीकडे हळद काढलेली उघडी काळी जमीन, आणि बगळे. मला ती जागा इतकी पाहिजे होती की मला माझीच लाज वाटली. मी भावाला म्हटलं, ‘इथे एक खोली बांधली तर?’ तो चिंचेकडे बघत म्हणाला, ‘बांधू की आक्का. तू आली की राह्यला होईल.’ म्हणजे पाहुणी म्हणून. मी मनात म्हटलं, आता घरी जाऊन भावजयीसमोरच बोलू, हा नुसता मान हलवेल, खरा कारभार तिचा आहे.

भावजय अंगणात हळद वाळत घालत होती. शिजलेल्या हळदीचा वास नाकात बसतो, दोन दिवस जात नाही. ती दाताळ्याने ढीग पसरत होती, हात कोपरापर्यंत पिवळे. भाऊ हातपाय धुवायला मागे गेला. मी बाजेवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं की मला माझा वाटा पाहिजे, सगळा नको, चिंचेजवळचं एक एकर पुरे, आणि ते माझ्या नावावर झालं पाहिजे.

ती दाताळं धरून तशीच उभी राहिली. चिडली नाही. तिला नीट ऐकू आलं नाही असं तिचं तोंड झालं. मग म्हणाली, ‘आक्का, तुमी तर तवाच सोडलं ना? मामंजींच्या तेरवीच्या दिवशी.’

मी म्हटलं, काय सोडलं?

‘तलाठ्याकडचे कागद व्हते. मीच आणले तुमच्याजवळ. तुमी आचाऱ्याला बोलून राहिल्या व्हत्या, वरण पातळ केलं म्हणून. मी म्हणलं, आक्का, रानाचे कागद हायत, तुमचं नाव कमी करायचे. तुमी कागद घेतले, उभ्या उभ्या सह्या केल्या अन् परत दिले. वाचलं बी न्हाई.’

मला वरण आठवलं. आचारी आठवला, त्याच्या खांद्यावरचा मळका टॉवेल आठवला. कागदही आठवले. ती काहीतरी बोलत होती आणि मी तिचं ऐकत नव्हते, कारण ती बोलायला लागली की मी ऐकत नसे. गावचे कागद, त्यात काय वाचायचं, असं मला वाटलं होतं.

ती जवळ येऊन खाली बसली. पिवळे हात मांडीवर धरून सांगू लागली, आणि तिच्या आवाजात तक्रार नव्हती हे सगळ्यात वाईट. ‘मी सगळ्या गावाला सांगितलं. म्हणलं, शिकलेली बाई, नोकरीवाली, तिला कायदा ठाव, तरी कागदाकडं बघितलं न्हाई. बाळापुरात सांगितलं, तांड्यावर सांगितलं. आत्याबाई तर रडल्या. अन् आक्का, माझ्या भावानं मला सही मागितली ना, तवा मी तीन दिवस जेवले न्हाई. आमचं रान चांगलं व्हतं, पाण्याखालचं, बागायती. मग तुमची आठवण केली. म्हणलं, एवढ्या मोठ्या बाईनं सोडलं, मी कोण. गेले अन् देऊन आले.’

तेव्हा मला एकेक घर परत दिसायला लागलं, आणि त्या घरांत मी कशी बसले होते तेही. आत्याचा शिरा मी बाजूला सारला होता.

‘तुमाला ठाव व्हतं ना?’ ती म्हणाली. तिने हे साधेपणाने विचारलं. डोळ्यांत मात्र भीती होती.

आता इथे खरं बोलायचं होतं. नाही म्हणायचं होतं. मला माहीत नव्हतं, मी वाचलं नाही, मी मूर्ख, आणि तूही माझ्यामुळे बुडालीस, चल, दोघी मिळून वकिलाकडे जाऊ. एवढं बोलायला मिनिट लागलं नसतं. पण नागरिकशास्त्राची बाई न वाचता सही करते हे बाळापूरच्या दुकानात, तांड्यावर, आत्याच्या घरात सांगितलं जाणार, ते मला डोळ्यांसमोर दिसलं. तिचं मन मोडू नये म्हणून मी गप्प बसले असं नंतर मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलंय. ते खोटं आहे. मला माझी अब्रू वाचवायची होती.

‘ठाऊक होतं की,’ मी म्हटलं. ‘वाटा मागितला तर तू काय म्हणतेस ते बघत होते.’

तिने असा श्वास सोडला की मला तिच्याकडे बघवेना. हसली. पदराने तोंड पुसलं, गालाला पिवळं लागलं. मग एकदम काही सुचल्यासारखी उठली, कमरेचा मोबाइल काढला आणि म्हणाली, ‘आक्का, एक काम करा माझं. माझी धाकटी बहीण हाय ना, ती अडून बसलीय. सही देत न्हाई म्हणती. भाऊ माहेरी येऊ देईना तिला, माय रडून राहिली. मी बोलले तर ऐकत न्हाई. तुमचं ऐकल.’

मी नको म्हणेपर्यंत तिने फोन लावला आणि माझ्या कानाशी दिला. पलीकडची पोरगी पंचविशीची असेल. आवाज ठाम होता. नमस्कार केला, ख्यालीखुशाली विचारली नाही. सरळ म्हणाली, ‘आक्का, एकच इचारते. तुमी कागद वाचून, समजून सही केली व्हती का? खरं सांगा. तुमी जर समजून केली असंल तर मीबी करते.’

भावजय माझ्या तोंडाकडे बघत समोर उभी होती. भाऊ मागून टॉवेलने हात पुसत आला आणि तोही थांबला.

मी म्हटलं, ‘हो. समजून केली.’

पुढच्या सोमवारी त्या पोरीने सही केली. भावजयीने मुद्दाम फोन करून मला ते सांगितलं, आणि माझे आभार मानले.