पान नऊवरचा नळ

डोंबिवलीजवळच्या दिव्याला, मोरेश्वर नगरच्या चौथ्या गल्लीत, टँकर आला की पहिली हाक पडते ती रंगूबाईंना. पाणी भरायला नव्हे, नंबर सांगायला. कुणाच्या हंड्यामागे कुणाची कळशी, बाळंतिणीच्या घरचं कोण म्हणून मध्ये घ्यायचं, काल कुणी दोन हंडे जास्त भरले म्हणून आज मागे, हे सगळं रंगूबाईंच्या डोक्यात. वही नाही, खडू नाही. गल्लीचा नियम असा, की रांगेत माणूस नसलं तरी त्याचं भांडं असतं, आणि भांडं म्हणजे माणूसच. भांडं नसेल तर विटेचा तुकडा चालतो, फुटकी चप्पलसुद्धा चालते. एकदा नंबर लागला की तो दुसऱ्यानं हलवायचा नाही. बावीस वर्षांत हा नियम दोनदा मोडला गेला आणि दोन्ही वेळा रंगूबाईंनी मोडणाऱ्याचं भांडं उचलून शेवटी नेऊन ठेवलं. त्यातलं एक त्यांच्या स्वतःच्या नवऱ्यानं पुढे सरकवलेलं होतं.

रंगूबाई मूळच्या माण तालुक्यातल्या. सासर काय नि माहेर काय, पाणी कोसावर. लग्नानंतर नवऱ्यामागून दिव्याला आल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, सुटला एकदाचा डोक्यावरचा हंडा. तो सुटला नाही, विहिरीच्या जागी टँकर आला एवढंच. नवरा दगडू एका सोसायटीत वॉचमन. त्या स्वतः पहाटे डोंबिवलीला पोळीभाजी केंद्रात जातात आणि चारशे पोळ्या लाटून बाराच्या आत घरी येतात. शाळा दुसरीपर्यंत, तीही धड नाही. बँकेत अंगठ्याला शाई लावून घेताना त्या मान फिरवायच्या. हे सून शिवानीच्या नजरेतून सुटलं नाही. बी.कॉम. झालेली ती पोरगी लग्न होऊन आली आणि सहा महिन्यांत तिनं सासूला सही शिकवली. 'रंगू द. विरकर'. आधी परातीतल्या पिठात बोटानं, मग लाइटच्या जुन्या बिलांच्या पाठीवर. 'रं'वरचं टिंब रंगूबाई चांगलं टिकलीएवढं मोठं देतात. लांबून दिसायला नको का, असं त्यांचं म्हणणं.

ही सही त्यांनी चारचौघांत पहिल्यांदा केली ती गेल्या संक्रांतीला. महिपतशेठ तेव्हा नुकते नगरसेवक झाले होते. माणूस इथलाच. आज जिथे मोरेश्वर नगरच्या चाळी आहेत तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती. निवडून आल्यावर त्यांनी मैदानात मोठं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून प्रत्येकीला वीस लिटरची निळी बादली, आणि बादलीवर महिपतशेठांचा हात जोडलेला रंगीत फोटो. टेबलाशी त्यांचा माणूस कमलेश कागदांचा गठ्ठा घेऊन बसलेला. वाण घ्या, सही करा. रंगूबाई रांगेत पहिल्या, कारण रांग लावली होती त्यांनीच. शाईची डबी बाजूला सारून त्यांनी पेन मागितलं आणि जीभ दातांत धरून सावकाश सही केली. मागच्या बायकांनी कौतुक केलं. सह्यांच्या वर काय छापलंय हे कुणी पाहिलं नाही. वाण घेताना कुणी वाचत बसतं का?

पुढच्याच महिन्यात मैदानाच्या कोपऱ्यात नळ आला. उद्घाटनाला रंगूबाईंना मुद्दाम पुढे बोलावलं, त्यांच्या ओंजळीत पाणी पडताना फोटो काढले. भिंतीमागे टँकर उभा होता आणि त्याचा पाइप नव्या नळाच्या बुडाशी जोडलेला होता, हे त्यांनी पाहिलं होतं. विचारलंही होतं. आज नुसतं टेस्टिंग आहे मावशी, मेन लाइन आठवड्याभरात जोडतो, असं कमलेशनं सांगितलं आणि त्यांनी ते खरं मानलं. फोटोवाले गेले, टँकर गेला, पाणीही गेलं. त्या आठवड्याला आता वर्ष होत आलं होतं.

यंदाच्या जानेवारीत घरोघर एक गुळगुळीत पुस्तक आलं. 'वर्षपूर्ती कार्यअहवाल', पानं बत्तीस, आणि त्यांतल्या सत्तावीस पानांवर महिपतशेठ. गल्लीत कुणी ते उघडून पाहिलं नाही. कागद चांगला जाड, म्हणून रंगूबाईंनी तेलाच्या डब्याखाली घातला.

पुस्तक आलं त्याच्या चौथ्या दिवशी टँकर आला नाही. पाचव्या दिवशीही नाही. सहाव्या दिवशी टँकरवाला गुणाजी पुढच्या वस्तीकडे जाता जाता थांबला आणि केबिनमधूनच म्हणाला, "मावशी, तुमचं नगर यादीतून काढलं. वरून सांगतात, तिथं नळ चालू आहे. बायकांचं लेखी आहे म्हणे."

"कुणाचं लेखी?"

"तुमचंच की," गुणाजी म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते सांगताना कसंतरी झालं असावं, कारण त्यानं लगेच गिअर टाकला.

शिवानीनं डब्याखालून अहवाल ओढून काढला. पान नऊ. ओंजळीत पाणी घेऊन हसणाऱ्या रंगूबाई, अर्धं पान. त्याखाली ठळक अक्षरांत: 'पाणीप्रश्न कायमचा सोडवल्याबद्दल मोरेश्वर नगरातील ३१२ महिलांचे स्वाक्षरीसह आभारपत्र'. आणि खाली त्यांतल्या पहिल्या काही सह्या नि अंगठे. पहिल्या सहीवरचं टिंब इतकं मोठं होतं, की शिवानीला वाचून दाखवावं लागलंच नाही.

संध्याकाळपर्यंत नगरात ही बातमी फिरली. शेजारची करिश्मा तोंडाची फटकळ. ती दारातूनच म्हणाली, "मावशी, तुमच्या फोटोतल्या नळाला फोर्स भारी आहे हां. माझा हंडा तिथंच लावू का?" बायका हसल्या. एरवी रंगूबाईंनी तिला तिच्याच नाण्यात परत दिलं असतं. त्या दिवशी त्या अहवाल उचलून आत निघून गेल्या. जिच्या शब्दावर रांग चालायची तिच्याच सहीनं नगराचं पाणी तोडलं होतं. आता उद्या एखादीनं तोंडावर विचारलं, की तुमचा नंबर आम्ही का मानायचा, तर काय सांगणार?

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी शिवानीला अहवाल पहिल्या पानापासून वाचायला लावला, एक ओळ न गाळता. आणि रविवारी सासू-सून दोघी अहवाल घेऊन बाहेर पडल्या. रंगूबाईंचं म्हणणं साधं होतं. पोळी कच्ची आहे की भाजलीय हे तव्यावर बघूनच कळतं, पुस्तकात बघून नाही. जे खोटं निघेल त्या पानाचा कान मुडपायचा.

पान चार, मैदानाभोवती ज्येष्ठांसाठी बारा बाकडी. आठ सापडली. उरलेली चार महिपतशेठांच्या बंगल्याच्या आवारात, तुळशीवृंदावनाच्या दोन्ही बाजूंना. कान मुडपला. पान सहा, वाचनालय. दाराला कुलूप, खिडकीतून डोकावलं तर आत मंडपाच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. शिवानी म्हणाली, आई, खुर्च्या आहेत म्हणजे निम्मं वाचनालय झालंच की. कान मुडपला. पान सात, दुसऱ्या गल्लीतलं गटार झाकलं. तिथे रंगूबाई वाकल्या, झाकणावर पाय आपटून बघितला, टोकापर्यंत चालून आल्या.

"हे केलंय," त्या म्हणाल्या. "ह्याचा कान सोड."

"आई, एवढं खोटं बोलतात, आणि तुम्ही त्यांना मार्क देताय?"

"केलं ते केलं म्हणायचं. आपुन बी खोटं बोललो तर मंग ह्या पुस्तकात नि आपल्यात फरक काय ऱ्हायला?"

बत्तीस पानं फिरून झाली तेव्हा अकरा पानांचे कान मुडपलेले होते. पान नऊचा त्यांनी मुडपला नाही. ते पान माझं मी बघते, म्हणाल्या. तोवर नगरातल्या बायका पुढच्या वस्तीतून डोक्यावर हंडे वाहत होत्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी मैदानात वर्षपूर्ती सोहळा आणि यंदाचं हळदीकुंकू, वेळ दुपारी चारची. पालिकेचे एक मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. स्टेज नळाला लागूनच बांधलं होतं, कारण पाहुण्यांना नळ दाखवायचा होता. नळाला झेंडूची माळही घातली होती.

बाराला रंगूबाई डोंबिवलीहून परतल्या, जेवल्या, आणि गेल्या वर्षीची निळी बादली घेऊन मैदानात गेल्या. नळाखाली बादली ठेवली. महिपतशेठांचा फोटो स्टेजकडे केला. मग घरोघर फिरून सांगून आल्या, की पान नऊवरच्या नळाला नंबर लागलाय, ज्यांना पाणी पाहिजे त्यांनी वाणाची बादली आणा, दुसरं भांडं नको.

सगळ्यात आधी आली करिश्मा. बादली ठेवताना म्हणाली, "मावशी, परवा मी जरा जास्तच बोललेले."

"बोललीस ते बरं केलंस," रंगूबाई म्हणाल्या. "माझ्यामागं लाव. सरळ लाव."

तीन वाजेपर्यंत रांग नळापासून निघून स्टेजच्या पायऱ्यांना वळसा घालून गेटाशी पोचली होती. दीडशेच्या वर निळ्या बादल्या, आणि प्रत्येकीवर हात जोडून हसणारे महिपतशेठ. बायका सावलीला बसून शेंगा सोलत होत्या.

कमलेश धावत आला. आधी मावशी-मावशी केलं, मग कार्यक्रम झाल्यावर भरा म्हणाला, मग आवाज चढवला. कुणी उठलं नाही. त्यानं चिडून पहिल्या बादलीला बाजूला करायला पाय उचलला, आणि तो पाय तसाच अधांतरी राहिला. बादलीवर शेठ होते.

"मार की," करिश्मा म्हणाली, आणि मोबाइल वर धरला. "शेठला लाथ मारताना व्हिडिओ चांगला येईल."

कमलेशनं पाय खाली घेतला. नंतर कुणीच बादलीला हात लावला नाही.

चारला महिपतशेठ आणि पाहुणे आले. रांग गेटातच आडवी, म्हणून गाडी बाहेर सोडून बादल्यांच्या कडेकडेनं, स्वतःच्याच दीडशे फोटोंसमोरून त्यांना चालत यावं लागलं. माणूस मुरलेला. पाहुण्यांकडे बघत हसून म्हणाले, "काय गो मावशे, आज इथंच ठाण मांडलाव?"

"नंबर लावलाय शेठ. तुमच्या पुस्तकात पाणी चालू हाय, म्हणून आलो. सोडा की नळ."

पाहुण्यांनी कुतूहलानं नळाकडे पाहिलं. महिपतशेठांनी कमलेशकडे पाहिलं. कमलेशनं माळेकडे पाहिलं. शेवटी पाहुण्यांनी स्वतःच पुढे होऊन चावी फिरवली. नळानं एकदा सुस्कारा टाकला आणि आतून एक झुरळ बाहेर पडून शेठांच्या जोडलेल्या हातांवर बसलं, म्हणजे बादलीवरच्या.

बायका हसल्या, पण रंगूबाई हसल्या नाहीत. महिपतशेठ जवळ येऊन हळू आवाजात समजावू लागले. लाइनचं काम वर अडकलंय, आपण घरची माणसं, पाहुण्यांसमोर शोभा नको, यंदा वाणाला स्टीलचा मोठा डबा आहे, तो घ्या, सही करा, उद्या घरी बसून बोलू.

"पेन द्या," रंगूबाई म्हणाल्या.

कमलेशनं सुटलो म्हणून घाईघाईनं पेन आणि नवा गठ्ठा पुढे केला. रंगूबाईंनी पेन घेतलं, गठ्ठा नाही घेतला. पदराखालून अहवाल काढला, अकरा कान मुडपलेला. पान नऊ उघडून स्टेजच्या पायरीवर ठेवलं आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. मग बाजूच्या मोकळ्या जागेत, जीभ दातांत धरून, आठ दिवस पिठात गिरवलेले दोन शब्द लिहिले. 'पाणी नाही'. खाली नवी सही केली. टिंब या वेळी पहिल्यापेक्षा मोठं पडलं.

"वाणासाठी केली व्हती ती सही," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "पाण्यासाठीची ही घ्या. आन पान सात खरं हाय, गटार झाकलंय ह्यांनी. बाकी कान मुडपलेत तिथं जाऊन बघा."

महिपतशेठांनी अहवाल घ्यायला हात पुढे केला. तोवर करिश्मा पायरीशी येऊन उभी राहिली होती. तिच्यामागे तिसऱ्या बादलीची बाई, तिच्यामागे चौथी. ज्या क्रमानं बादल्या, त्याच क्रमानं बायका. पान नऊवरची जागा संपली तेव्हा पुढच्या पानावर. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी कमलेशच्याच डबीतली शाई घेतली. वर्षभरात त्या नळापुढची रांग पहिल्यांदाच पुढे सरकत होती. पाहुणे थोडा वेळ उभ्याउभ्याच बघत राहिले, मग त्यांनी शिवानीकडून पानाचा फोटो मागून घेतला. भाषणं झाली नाहीत.

सोमवारी सकाळी गुणाजीचा टँकर आला. नगर पुन्हा यादीत आहे, म्हणाला. रंगूबाईंनी हंडे लावून घेतले, बाळंतिणीला मध्ये घेतलं, नेहमीसारखं.

दुपारी कमलेश दारात आला. चेहरा पडलेला. शेठनी विचारलंय, टँकर आला ना, मग मैदानातल्या बादल्या आता उचलता का? लोक येता-जाता फोटो काढतात.

रंगूबाई चपलेवरची धूळ झटकत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"टँकरची रांग निराळी, नळाची निराळी. नंबर लागलेला हाय रे बाबा. भरल्याबिगर कसा हलवायचा?"