तिसरं पाऊल

आमचे हे हडपसरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षभर दर रविवारी सिंहगड चढले. हिमालयातल्या ट्रेकला निघाले तेव्हा स्वतःच्या पायांचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. निघण्याआधीच्या बैठकीत डॉक्टरांनी बजावलं होतं, "उंचीवर हवा विरळ. व्यायाम करता म्हणून तिथे सूट मिळत नाही. डोकं दुखलं तर सांगा. तोल जायला लागला तर लगेच खाली उतरा." मी सगळं लिहून घेतलं. ह्यांनी चहा घेतला.

पाचव्या दिवशी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मुक्कामाजवळच्या चहाच्या दुकानात वायफाय होतं. चेहरा सुजलेला, ओठ निळसर.

"जेवलात का?"

"भूक नाही. डोकं जरा जड आहे. लीडरला सांगितलं नाही, उगाच खाली पाठवेल. उद्या खिंड आहे. तू जेवलीस?"

"जेवले."

थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं, "तू जेवलीस?" मी डॉक्टरांच्या सूचनांची वही उघडली.

"अहो, फोन टेबलावर उभा करा आणि टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालून दाखवा."

"लोक बघतायत."

"बघू देत."

तिसऱ्या पावलाला ते बाकावर आदळले आणि हसले. ते हसणं ऐकून मी फोनमधूनच त्यांच्या ट्रेक लीडरला हाका मारायला लागले. एक तरुण मुलगी धावत आली, तीच लीडर. "काकू, सकाळी तर हे एकदम फिट म्हणाले!" तिने त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं आणि तिचा आवाज बदलला. "आत्ताच खाली नेते. मी स्वतः जाते सोबत."

फोन बंद झाला. मी गॅलरीत उभी राहिले, आत आले, परत बाहेर गेले. कुकर लावला, त्यात पाणी घालायचं विसरले. शेजारणीने येऊन गॅस बंद केला आणि काही न विचारता माझ्याजवळ बसून राहिली. वाटेत पडले तर? उतरायचं नाही म्हणून हटून बसले तर?

दिवेलागणीला खालच्या गावातल्या दवाखान्यातून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नाकाला ऑक्सिजनची नळी होती.

"माझी खिंड राहिली," ते कुरकुरले. मग हळूच म्हणाले, "मी आज तुला फोन केला होता म्हणे? मला काहीच आठवत नाही गं."

आठवड्याने ते सुखरूप घरी आले. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही.