सुरकुतलेली नोट

लेकीकडे परदेशात गेले होते, तेव्हा कपडे धुवायला आम्ही कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जायचो. तिथे चॉकलेटच्या मशीनशेजारी आणखी एक मशीन होतं. त्यात लोक नोटा घालायचे आणि बाहेर काहीच पडायचं नाही.

"आई, त्यातून बिटकॉइन मिळतात. ते मोबाइलमध्ये येतात," लेक म्हणाली.

"मग माणूस घरी काय घेऊन जातो?" मी विचारलं.

एकदा रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतला एक माणूस तिथे उभा होता. मशीन त्याची शेवटची नोट सारखी बाहेर ढकलत होतं. मशीनच्या पडद्यावर पैसे भरायला उरलेली वेळ सरत चालली होती. त्याने नोट मांडीवर ठेवून तळहाताने इस्त्री केल्यासारखी सपाट केली, तरी तेच. आमच्याकडचा कंडक्टरही चुरगळलेली नोट अशीच परत करायचा, पण त्याच्याशी निदान हुज्जत घालता यायची.

मी पर्समधली तेवढ्याच किमतीची कोरी नोट काढून पुढे केली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आपली नोट माझ्या हातात ठेवली. माझी नोट मशीनने लगेच आत ओढली.

परतताना लेक सांगत होती, "या बिटकॉइनची गंमत म्हणजे यात कुणाला कुणावर विश्वास ठेवावाच लागत नाही."

असेल. त्याची ती सुरकुतलेली नोट मी इकडे घेऊन आलेय. मोडवत नाही.