कच्च्या कामाचं पान

अख्खी शाळा त्यांना पायरीबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. बीजगणित असो की अवकलन, नुसत्या उत्तराचं त्यांच्याकडे काडीचं कौतुक नव्हतं. "उत्तर काय, शेजाऱ्याचंही दिसतं. पायऱ्या स्वतःच्या लागतात," हे त्यांनी तीस वर्षं ऐकवलं.

भावाची बायको वारली तेव्हा त्याची मुलगी बाईंकडे राहायला आली. पोर हुशार, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. ती बाईंच्याच वर्गात बसायची, म्हणून बाई तिच्याशी दुप्पट कडक वागायच्या. घरचीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको ना!

गणिताच्या पुढच्या वर्गात कोण जाणार, हे एका परीक्षेवर ठरायचं. तीत प्रश्न होता: x³ − 12x चा अवकलज शून्य कुठे होतो? भाचीने प्रश्नाखाली फक्त लिहिलं, 2 आणि −2. बाईंनी तिला वर्गात उभं केलं. "कुणाचं बघून लिहिलंस?" पोर मान खाली घालून उभी राहिली. त्या प्रश्नाला शून्य मिळालं आणि दोन गुणांनी वर्ग हुकला. आता ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते.

निवृत्तीनंतर कपाट आवरताना ती उत्तरपत्रिका बाईंच्या हाती लागली. त्यांनी ती सहज उलटली. कच्च्या कामाचं शेवटचं पान तपासायचं नाही, हा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता. तिथे सगळं होतं. 3x² − 12 = 0, म्हणून x² = 4, म्हणून x = 2 किंवा −2. एक पायरी गाळलेली नाही. वरून कच्चं काम म्हणून मारलेली तिरकी रेघ, बाईंनीच शिकवलेली.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. "तेव्हाच का नाही बोललीस गं?"

"तुझ्या घरी जेवत होते, आत्या. तुझी चूक चारचौघांत कशी काढू?"

"अगं, मी शेवटचं पान उलटलंच नव्हतं."

भाचीचे हात थांबले. "उलटलं नव्हतंस? मला इतकी वर्षं वाटायचं, सगळं पाहूनच चोर म्हणालीस."

बाईंनी घरून निघताना उत्तरपत्रिकेवरचं शून्य खोडून पाच गुण लिहिले होते. तो कागद त्यांच्याने पिशवीतून बाहेर काढवला नाही.