दातांतला दांडा

आमचे हे बहिरे आहेत, ही गोष्ट धक्क्यावर कुणालाच ठाऊक नाही. सगळा जन्म इंजिनांजवळ गेला, कान कधीचेच गेले; समोरच्याचे ओठ वाचून निभावतात. पण गिअरची चाचणी हे कानांनी घेतच नाहीत. नावेच्या मागे पाण्यात बुडलेली एक पेटी असते, तिला सगळे ड्राइव्ह म्हणतात. इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारे दातेरी गिअर तिच्यात असतात. दुरुस्त केलेला ड्राइव्ह हे शेडमधल्या पाण्याच्या पिंपात उभा करतात, मोटर लावून फिरवतात. हातोडीचा जुना दांडा एका टोकाने पेटीला टेकवतात आणि दुसरं टोक दातांत धरतात. आवाज हाडातून डोक्यात जातो. ह्यांनी पास केलेला ड्राइव्ह आजवर परत आलेला नाही.

ह्या वेळी काम जावयाच्या नावेचं होतं. तेल काढलं तर त्यात चमचमणारी पूड, म्हणजे दाते झिजलेले. हे ती बोटावर घेऊन बराच वेळ बघत बसले. मग गिअरची नवी जोडी घातली, मागे पातळ चकत्या टाकून अंतर जमवलं, दात्यांना निळा रंग लावून हाताने फिरवलं. रंगाचा ठसा दात्याच्या मधोमध उमटायला हवा. तो जरा काठाकडे गेला होता.

"चकती बदलायची का?" मी खुणेने विचारलं.

"आधी ऐकतो."

पिंपात ड्राइव्ह फिरू लागला. ह्यांनी दांडा दातांत धरून डोळे मिटले, मग हसले. "एकदम गप्प. गुणी बाळ आहे."

"म्हणजे बाबांवर गेलंय," जावई म्हणाला.

"गुणी कुठलं, नुसतं गप्प," मी म्हटलं. लेक खूप हसली.

जावयाने आणि लेकीने ड्राइव्ह नावेला चढवला आणि नदीपलीकडे सामान पोचवायला दोघं निघाली.

आम्ही जेवायला बसलो. ह्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली. नवीनच होती, लेकीने मागे लागून करून घेतलेली. हिरड्या दुखतात म्हणून जेवताना हे ती काढतात. दोन घास झाले आणि हात थांबला.

"इतका गप्प कसा गं? चांगली जोडीसुद्धा थोडी गुणगुणतेच."

मी वाटीकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. ताटावरून उठून दांडा आणला. "शिलाई मशीन चालव."

मी कापड न लावताच मशीन चालवायला लागले. ह्यांनी कवळी घालून मशीनला टेकवलेला दांडा दातांत धरला, नकाराची मान हलवली. कवळी काढली आणि आपल्या उरलेल्या दोन दाढांत तोच दांडा धरला. चेहरा उतरला.

"आता सगळं येतंय," ते म्हणाले.

आम्ही खरकट्या हातांनी धक्क्यावर धावलो. नाव वळणाआड गेली होती. वळणापुढे बंधारा आहे, प्रवाह तिकडेच ओढतो. लेकीला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. ह्यांनी धक्क्याच्या पाण्यात रोवलेल्या खांबाला दांडा टेकवला आणि दाढेत धरला. पाण्यातून आवाज लांबवर येतो.

"खडखडतंय. दाता ठोके मारतोय." जरा वेळाने म्हणाले, "तुटला. इंजिन नुसतंच ओरडतंय, पंखा गप्प."

"त्यांच्याकडे वल्ही..." म्हणत मी मागे वळले. ड्राइव्ह चढवताना अडचण नको म्हणून जावयाने काढलेली वल्ही शेडच्या दाराला टेकून उभी होती.

ह्यांनी ती उचलली, शेजाऱ्याची छोटी होडी सोडली. "अहो, कुणाला तरी बरोबर घ्या," मी म्हणत राहिले. पाठमोऱ्या माणसाला ओठ कसे दिसणार? तेही वळणाआड गेले.

दांडा तिथेच पडला होता. मी तो खांबाला टेकवला आणि दातांत धरला. आधी माझाच श्वास. मग वल्ह्यांचा आवाज, घाईचा. त्याच्या खाली एक जड घरघर, न थांबणारी. बंधारा. देवाचं नाव घ्यायला तोंड मोकळं नव्हतं, मनातच घेत राहिले.

मग वल्ही थांबली. उरली ती नुसती घरघर. मी दात सोडले नाहीत.

पुष्कळ वेळाने वल्ही पुन्हा पडू लागली. आता मंद, जड. मागे भरलेली नाव बांधून आणताना पडतात तशी. पण त्या नावेत एक जण आहे की दोघं, हे लाकूड सांगत नव्हतं.