तेजूच्या लॅपटॉपवरच्या रेघा

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची नोकरी गेली, कोणाचं सासूशी वाजलं — विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत बातमी पोचवायची असेल तर हिला सांगा, म्हणतात आणि हसतात. मीही हसते. पण एक गोष्ट राहिली आहे. नवऱ्याला माहीत नाही. भावाला तर नाहीच नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल.

सरळ सांगायला नाही जमणार, हे आधीच सांगून ठेवते.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लॅपटॉपचं एक सर्व्हिस सेंटर आहे. तिथे मी काउंटरवर बसायचे. कंपनी मोठी, नाव नको. सेंटर एका सिंधी शेठचं, कंपनीने नेमलेलं. खाली जीन्सचा कारखाना, वर आम्ही. दिवसभर मशिनींची घरघर आणि जिन्यात निळ्या धाग्यांचा कचरा. माझं काम काय, तर गिऱ्हाईक मशीन घेऊन येणार, मी ते उघडून बघणार आणि हे वॉरंटीत बसतं की नाही ते सांगणार.

टॉर्चचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच आहे. स्क्रीन बंद करायची, टॉर्च तिरका धरायचा आणि कडेकडेने बघत जायचं. काहीतरी सापडतंच. बॅगेत चार्जरवर दबलेलं असतं, झाकण उघडताना अंगठा लागलेला असतो, कोपऱ्याला बारीकसा पोचा असतो. वापरातली वस्तू, कोरी कशी राहील? पण डाग सापडला की आमचं काम झालं. फोटो काढायचा आणि म्हणायचं — दाब पडलाय, फिजिकल डॅमेज आहे, हे कंपनीकडे येत नाही. शेठ कौतुकाने म्हणायचे, ‘दीदी की नजर तेज है.’ मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

त्या काळात — मुलांच्या शाळा घरातूनच चालल्या होत्या तेव्हा — एक मॉडेल फार खपलं. पातळ, हलकं, दिसायला देखणं. आणि वर्ष व्हायच्या आत ते आमच्याकडे परत यायला लागलं. तक्रार सगळ्यांची एकच, स्क्रीनवर उभ्या रेघा. झाकण पूर्ण उघडलं की रेघा, अर्धं मिटलं की गायब. आमच्या टेक्निशियनने एक खोलून दाखवलं. झाकण जिथे दुमडतं तिथून स्क्रीनची वायर जाते, तीच आखूड. उघडून-मिटून ताणायची आणि तुटायची. कोणी पाडलेलं नव्हतं, कोणी दाबलेलं नव्हतं. कंपनीनेच तसं बनवलं होतं.

मग कंपनीचा माणूस आला. चहा-समोसा झाला. म्हणाला, वरती कल्पना आहे. कोणी फारच लावून धरलं, हेड ऑफिसपर्यंत गेलं, तर फुकट करून द्या. काउंटरवरून मात्र वायरचं नाव निघता कामा नये. निघालं तर सेंटर दुसऱ्या कोणाला जाईल. शेठने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. एवढंच झालं.

त्यानंतर त्या मॉडेलवर मी किती डाग शोधून दिले, विचारू नका. लोक हुज्जत घालायचे, शपथा घ्यायचे, काही रडायचे. मी शांतपणे फोटो दाखवायचे. फोटोपुढे माणूस गप्प होतो, हे मला कळलं होतं. बहुतेकांना शेवटी वाटायचंच, की पडला असेल आपल्याच हातून.

तुम्ही म्हणाल, नोकरी होती, वरून हुकूम होता. हो. पण मी जे सांगायला बसलेय ते हे नाही. हे तर सेंटरमधल्या सगळ्यांनीच केलं.

माझा धाकटा भाऊ दिनेश मोरिवलीत राहायचा, एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला. माणूस सरळ, जरा जास्तच सरळ. त्याची एकुलती एक मुलगी तेजू. तेजूच्या शिक्षणासाठी त्याने ओव्हरटाइम सोडला नाही की स्वतःला नवा शर्ट घेतला नाही. तिचं अकरावीचं कॉलेज ऑनलाइन झालं तेव्हा लॅपटॉप घ्यायचा ठरला. कोणता घ्यावा, मला विचारलं. मी तेच मॉडेल सांगितलं. तेव्हा ते नवीनच होतं, मला काही माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण मी आणखी एक वाक्य बोलले होते — ‘काही झालं तर मी बसलेय ना.’ संगीतासमोर, म्हणजे भावजयीसमोर, जरा मोठ्यानेच बोलले. सगळ्या नातेवाइकांत लॅपटॉपमधलं कळणारी मी एकटी होते आणि ते मला मिरवायला आवडायचं.

वर्ष व्हायच्या आत तेजूच्या स्क्रीनवर रेघा आल्या.

दिनेश सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन सेंटरला आला. टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून, मांडीवर धरून शेअर रिक्षातून आणलेला. मागे शेठ बसलेले. मी उघडला, रेघा बघितल्या. हात आपोआप टॉर्चकडे गेला, स्क्रीन तिरकी झाली आणि उजव्या कोपऱ्यात डाग सापडला. वाक्य तोंडातून निघून गेलं. दाब पडलाय, फिजिकल डॅमेज आहे. सख्ख्या भावाला. त्याने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘म्हणजे तेजूने पाडला?’

तिथे मी काय बोलायला हवं होतं? शेठ ऐकत होते, तिथे नसेल बोलता आलं. पण खाली जिन्यात सोडायला गेले होते की मी. तिथे मशिनींच्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार होतं? मी म्हटलं, पोरीला ओरडू नकोस हं. वर आले आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

दिनेश ओरडला नाही. ओरडणं त्याच्यात नाहीच. त्याचा घरातला एक नियम होता — चूक झाली तर झाली, कोणी काही बोलणार नाही, पण खोटं बोलायचं नाही. तेजूला लहानपणापासून हेच शिकवलेलं. त्याने तिला बसवून विचारलं, कसा पडला ते सांग, मी काही बोलणार नाही. ती म्हणाली, पडलाच नाही. त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, पप्पा, खरंच नाही पडला.

आणि बिनसलं ते तिथेच. लॅपटॉप गेल्याचं त्याला एवढं वाटलं नाही, पोरगी डोळ्यात डोळे घालून खोटं बोलते याने तो खचला. आठवडा गेला, तो तिच्याशी बोलेना. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा. तेजूचं जेवण तुटलं. संगीताने मला फोन केला, म्हणाली, ताई, तुम्ही या एकदा, तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच समजवा दोघांना.

रविवारी गेले. हे सगळं आता मला नीट सांगायला हवं, आणि नेमकं इथेच मी अडते.

पुढच्या खोलीत दिनेश खुर्चीवर, संगीता दारात उभी, तेजू खाली सतरंजीवर, पुढ्यात लॅपटॉप. पोरीचे डोळे सुजलेले. मला बघितल्यावर तिचा चेहरा एकदम मोकळा झाला — आत्या आली, आता आत्या सांगेल. असंच वाटलं असणार तिला. तिने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला आणि झाकण हळूच अर्धं मिटवलं. ‘आत्या, बघ ना, असं केलं की रेघा जातात. पूर्ण उघडलं की परत येतात. म्हणजे आतमध्ये काहीतरी सुटलंय ना? पडून असं होईल का?’

तिचं तिने शोधून काढलं होतं, घरी बसून, रडत रडत. कंपनीचा माणूस जे बोलू नका म्हणाला होता, ते माझी भाची त्या सतरंजीवर बसून बोलत होती. मी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

मी म्हटलं, ‘तसं दिसतं बाळा. पण दाब पडल्याशिवाय वायर सुटत नाही.’

तेव्हा तिथे शेठ नव्हते. कंपनीचा माणूस नव्हता. मग मी का बोलले तसं? दिनेशला खरं कळलं असतं तर तो सोडणारा नव्हता. सेंटरला आला असता, ग्राहक मंचात गेला असता, माझी बहीण तिथेच कामाला आहे, तीच सांगेल म्हणाला असता. हे भय होतं. आठवड्यापूर्वी भावाला काउंटरवर खोटं सांगितलं, हेही कबूल करावं लागलं असतं. पण यापलीकडे एक होतं आणि तेच मी कधी स्वतःशीही नीट बोललेले नाही. माझा मुलगा बारावीला दोनदा बसला होता. प्रत्येक वेळी दिनेश म्हणायचा, ताई, आमच्या तेजूची वही दाखव त्याला, लहान असून बघ कशी नीट लिहिते. चांगल्या मनानेच म्हणायचा तो. आणि त्या दिवशी ती गुणाची पोर खाली मान घालून बसलेली बघून मला — थोडं बरं वाटलं. थोडंच. पण वाटलं.

तेजू माझ्याकडे बघत राहिली. मग तिने लॅपटॉप मिटवला आणि खाली बघूनच म्हणाली, ‘हो. पलंगावरून पडला होता. मी घाबरले म्हणून नाही सांगितलं.’

दिनेश खुर्चीवरून उठला, तिच्याजवळ खाली बसला आणि तिला जवळ घेतलं. त्याच्या डोळ्यात पाणी. म्हणाला, बघ, खरं बोललीस ना, संपला विषय. संगीताने डोळे पुसले आणि चहा टाकायला गेली. सगळं घर हलकं झालं. जेवूनच जा म्हणाले. मटण होतं. मी जेवले, पोटभर जेवले.

त्यानंतर तेजूने तोच लॅपटॉप वापरला. अर्धा मिटून, जमिनीवर पालथी पडून, मान वाकडी करून. बारावी तिने तशीच काढली. कधीही मोरिवलीला जावं तर पोर तशीच पडलेली दिसायची. पुढे कंपनीने वायर बदलली, नव्या मशिनींत लांब दिली. जुन्या गिऱ्हाइकांना ना पत्र, ना फोन. आणि माझ्या भाचीला, तिची आत्या तिथे बसलेली असूनही, काही नाही. एक शब्द टाकला असता तर करून मिळालं असतं. मी टाकला नाही, कारण मग इतके दिवस का नाही, हे आलंच असतं.

दर वेळी बुद्धवंदनेला बसले की पंचशील येतं. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बारीक होतो. कोणाच्या लक्षात येत नाही. मी ते सेंटर केव्हाच सोडलं, गुडघ्यांमुळे. पश्चात्तापाने सोडलं असं कोणाला वाटायला नको.

गेल्या महिन्यात दिनेशने बदलापूरला फ्लॅट घेतला. तेजूला नोकरी लागली आहे, हप्ता तीच भरणार. नव्या घराचा परित्राण पाठ झाला, जेवणं उरकली, सगळी जवळची माणसं हॉलमध्ये पाय पसरून बसली. संगीताच्या बहिणीचा मुलगा मोबाइलची काच फोडून वर नाही नाही म्हणत होता. तेजूने त्याला जवळ ओढलं आणि म्हणाली, ‘अरे, मीपण असंच करायचे. मी लॅपटॉप पाडला होता आणि आठवडाभर पप्पांशी खोटं बोलले.’

मला वाटलं, ती त्या पोरासाठी बोलतेय. पण नाही हो. ती आठवून आठवून सांगत होती. पलंगाच्या कडेला ठेवला होता, चादर ओढली, लॅपटॉप खाली आला, लादीवर आवाज झाला. तो आवाज कसा होता तेही तिने सांगितलं. चार-पाच वर्षांत पोरीने ते सगळं स्वतःचं करून टाकलं होतं, आणि तिला तो आवाज खरोखर ऐकू येत होता. दिनेश शेजारी बसून अभिमानाने ऐकत होता.

मग ती माझ्याकडे वळली. ‘आत्या, तू किती शांतपणे समजावलं होतंस गं मला. तुझ्यासमोरपण मी खोटंच दाखवत होते, झाकण मिटव नि उघड. तुला कळलं असणार ना सगळं? सॉरी हं. तेव्हा म्हणायचं राहिलं.’

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, जाऊ दे गं, लहान होतीस तू.